छोट्या लाईनीची चौकट

बाबा, घराला चौकट बसली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली, म्हणून लिहायला बसलो.

रेल्वेची छोटी लाईन जाऊन मोठी आली तेव्हा रुळाखालचे जुने लाकडी स्लीपर लिलावात निघाले. तुम्ही गँगमन. आयुष्यभर ज्यांच्यावर घण मारला तीच लाकडं तुम्ही घेतलीत आणि चुडावा स्टेशनाहून बैलगाडीनं आणून आपल्या पत्र्याच्या खोलीमागं रचलीत. त्या खोलीचं दार इतकं बुटकं, की ड्युटीवरून आलात की कमरेत वाकून आत शिरायचात आणि दर वेळी काहीतरी पुटपुटायचात. एकदा तुम्ही एक स्लीपर भिंतीला उभा केलात आणि त्याला पाठ लावून उभे राहिलात. डोक्यावर वीतभर लाकूड उरत होतं. "आपल्या बापजाद्यानं लोकाच्या दारात लय माना वाकवल्या," तुम्ही म्हणालात, "आता आपल्या दारातून ताठ जायचं. चौकट याचीच करू." तुम्हाला एवढं खूश मी क्वचितच पाहिलं. पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. लाकडं तिथंच राहिली.

यंदा पूर्णेत बांधकाम काढलं. मिस्त्री म्हणाला, "सर, चौकटीला आता लाकूड कोण लावायलंय? ग्रॅनाइट बसवा, वाळवीची कटकट न्हाई." मी त्याला आपल्या जुन्या खोलीमागं नेऊन स्लीपर दाखवले. त्यानं एक उभा केला, एकदा त्याच्याकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं. "तुमी याच्यातून कसं जाणार?" स्लीपर माझ्या डोक्याबरोबर येत होता. खाली फरशी, वर आडवी पट्टी. म्हणजे दार माझ्या कपाळालाच लागणार. लाकडं छोट्या लाईनीची, त्यांची लांबीच तेवढी. तुम्ही माप धरलं ते तुमच्या उंचीचं. मी एवढा वाढलो, हे बघायला तुम्ही थांबलातच नाही. तिथंच, मिस्त्रीसमोर, मला रडू आलं.

माय हटून बसली. "त्येंच्या हातचं लाकूड हाय. दुसरं लावायचं न्हाई."

"माय, मग मला रोज वाकून यावं लागंल."

तिनं लाकडावरून हात फिरवला. "मग उंच कर," एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून आत गेली. चौकट सागवानाची केली, स्लीपरचं लाकूड पुढच्या खोलीच्या खिडक्यांना लावलं. रंधा मारल्यावर काळ्या डांबराखालून तांबडं लाकूड निघालं, फार देखणं. पण बाबा, खिडकीतून कुणी घरात येत नसतं, आणि ते मला अजून सलतं.

घरात राहायला गेलो त्या दिवशी आधी त्रिशरण पंचशील झालं. पहिलं पाऊल मायनं टाकावं असं ठरलं होतं. दार तिच्यापेक्षा कितीतरी उंच. तरी ती उंबऱ्याशी थांबली, पदर सावरला आणि मान खाली घालून, कमरेत वाकून आत गेली. इतक्या वर्षांची सवय. हे मी तिला वाचून दाखवणार नाही. तुम्हाला तरी कुठल्या पत्त्यावर पाठवू? पण तुमच्यापासून लपवत नाही. तिच्या मागोमाग मीही वाकलो.