ठार बहिऱ्याची दुसरी तपासणी

अक्का,

आज तुझा भाऊ सरकारला नमवून येणार आहे. त्यासाठी दाजींचा कोट न विचारता घातला आहे, एवढं सांभाळून घे.

मागच्या खेपेला जळगावच्या डॉक्टरांनी तुझ्या या भावाच्या पाठीमागे थाळी बडवली. समोरचा शिपाई दचकला, म्हणून याने वळून पाहिलं. झालं, कागदावर ‘ऐकू येते’ असा शेरा पडला आणि बहिऱ्यांची मदत बुडाली. भोंगा ऐकू येत नाही म्हणून कापसाच्या जिनिंगवाल्यांनी आधीच कामावरून काढलेलं. दाजी म्हणाले, “ऐकाले येस ना? मंग कामले जाय.” हे त्याने मिशांआडच्या ओठांवरूनही वाचलं.

आज तो डोळ्यांवर उपरणं बांधून बसेल. मग खुशाल तोफ डागा म्हणावं. शेरा बदलल्याशिवाय तो उठायचा नाही.

संध्याकाळी आतून कडी घालू नकोस. तू “कोण आहे?” विचारत बसशील.

पितांबर