अंतराळवीराच्या बायकोचे घर

मी, हवाई दलातील निवृत्त लढाऊ वैमानिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. अंतराळ केंद्रातल्या गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात माझी शुद्ध एकदाही हरपली नाही. नवऱ्याची हरपली होती. तरी अंतराळात गेला तोच.

१. राहते घर माझ्या कमाईचे व माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी नवऱ्याला देते. वाचून कोणाला गहिवर आला, तर त्याने कलम पाचही वाचावे.

२. माझा अंतराळपोशाख लेकीला. आवाजापेक्षा वेगाने विमान नेणारी मी आमच्या दलातली पहिली बाई. पहिल्या मानवी उड्डाणासाठी निवडही माझीच झाली होती, पोशाख माझ्या मापाने शिवून तयार होता. तेव्हा केंद्रप्रमुखांनी माझ्यादेखत नवऱ्याला विचारले, "तुमचं काय म्हणणं?" तो म्हणाला, "साहेब, घरी तान्हं बाळ आहे. आईविना कसं राहील?" बापाविना मात्र छान राहिले. माझ्या जागी त्याची निवड झाली, त्याच्यासाठी नवा पोशाख शिवला गेला. मी दुपटी धुतली आणि त्याचा आवाज रेडिओवर ऐकला. हे मी विसरलेली नाही आणि माफही केलेले नाही.

३. पदके, मानपत्रे, हार घातलेले फोटो ज्याचे त्याला. आजवर धूळ मी पुसली, यापुढे त्याने पुसावी.

४. ते तान्हे बाळ आता स्वतः लढाऊ वैमानिक आहे आणि पुढच्या उड्डाणासाठी निवडले गेले आहे. परवा बाप तिला म्हणाला, "अगं, पोर लहान आहे तुझं. जरा विचार कर." पोरी, विचार पुरे झाला. तू जा. मागे पोराला हक्काचे घर लागेल, त्याची सोय खाली केली आहे.

५. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळत नाही, असे वकीलबाई सांगतात. साक्षीदाराचा वाटा रद्द झाल्यास तो लेकीला मिळावा. नवऱ्याला पुढे इथे राहायचे असेल, तर त्याने लेकीची परवानगी घ्यावी. लोकांनी त्याच्याकडे जन्मभर सह्या मागितल्या; पुढे केलेला कागद तो वाचत नाही, फक्त कोणासाठी ते विचारतो. मी लेकीचे नाव सांगेन.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: उड्डाणाचा वर्धापनदिन, नवरा सत्काराला निघण्यापूर्वी

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: (सही) वकीलबाई

साक्षीदार २: (सही) अंतराळवीर. "लाडक्या लेकीस, बाबांकडून सप्रेम भेट."