स्टेपनी नसलेली गाडी

बुधवार, ओतूर. संध्याकाळ.

डोकं अजून तापलेलंच आहे. घाटघरच्या शाळेत शिकवायला रोज गाडी घेऊन मी जाते, आणि टायर कोणते घालायचे ते ठरवलं यांनी आणि भाऊजींनी. मला विचारलंसुद्धा नाही.

आधीचे टायर रनफ्लॅट होते. पंक्चर झालं तरी हळूहळू घर गाठता यायचं. म्हणून तर या गाडीला स्टेपनीच नाही. आज दोघं गाडी घेऊन गेले आणि चारही साधे टायर बसवून आले. वर दारात नारळ फोडला, प्रत्येक चाकाखाली लिंबू ठेवलं.

"स्टेपनी कुठाय?" मी विचारलं.

"जुने टायर लई कडक व्हते, वहिनी. पाठ मोडायची," भाऊजी म्हणाले.

कुणाची पाठ? त्या गाडीत रोज बसतं कोण?

"काय व्हत न्हाई. अडलीस तर फोन कर," हे म्हणाले. घाटघरच्या रस्त्याला रेंज कुठं असते? पावसाळ्यात मागचं चाक बसलं, तेव्हा त्याच कडक टायरनं मला घरी आणलं. पण मीही बावळटच. गाडी काढून घेतील या भीतीनं तेव्हा घरात काही बोललेच नाही.

स्टेपनी विसरले, लिंबं नाही विसरले! चार चाकांना पाच आणली होती.

रविवारी हे दोघं याच गाडीनं आणे गावाला लग्नाला निघालेत. मी आत्ताच डिकी उघडून आले. स्टेपनीच्या जागी मी ते पाचवं लिंबू ठेवलंय.