कुसुमबाईच्या गाण्याची परवानगी

सौंदड, ८ ऑक्टोबर २०२५

चि. लोकेश यास मामाचे अ. आ. वि. वि.

इकडे ठीक, धान निसवून लोंब्यांवर आलं आहे. गेल्या साली तू जर्मन पाहुणा आणलास आणि माझ्याऐवजी मोबाईलवर त्याच्या करारावर 'मान्य' दाबलंस. तुझ्या आजीने रचलेलं, धानाची बांधी रोवताना गायचं गाणं त्याने माझ्या आवाजात घेतलं आणि खाली धडधड भरून जगभर विकलं. यंदा दिवाळीनंतर गावच्या मंडईच्या जत्रेत आमच्या दंडारीच्या नाचगाण्याऐवजी तेच डीजेवर लागणार. मी म्हटलं, मीच गातो की. तर मंडई समितीचे अध्यक्ष गुलाबचंद म्हणतात, गाणं आता फॉरेनचं झालं, नोटीस येईल, आधी तिकडची परवानगी आण.

आजी चौऱ्याऐंशीची. पुढची मंडई दिसेल न दिसेल, यंदा आपलं गाणं ऐकायचंच म्हणून बसली आहे. दाबलंस तू, आता निस्तर तूच.

उत्तर धाडण्याइतकी माया शिल्लक ठेव.
तुझा मामा, भोजराज

पुणे, १७ ऑक्टोबर २०२५

ती. मामाजींस शि. सा. न. वि. वि.

चूक माझीच, कान धरतो. गाणं विकणाऱ्या तिकडच्या कंपनीला लिहिलं. त्यांनी आवाजाचा नमुना मागितला, तुमचा पाठवला. कळवतात की हा गायक मूळ गायकाची फारच हुबेहूब नक्कल करतो, सबब परवानगी नाही.

वर त्यांनी गाणं धडधडीसकट 'गाढ झोपेसाठी' या यादीत घातलंय. बांधावर घोरणाऱ्या नवऱ्याला आजीने हासडलेल्या शिव्या ऐकत तिकडे लोक झोपी जातात. मामाजी, तुम्ही खुशाल गा. नोटीस आली तर माझ्या नावाने येऊ द्या.

रागवा, पण लोभ सोडू नका.
आपला भाचा, लोकेश

सौंदड, ६ नोव्हेंबर २०२५

चि. लोकेश यास अ. आ.

गायलो. गुलाबचंद माईकच्या बटणावर बोट ठेवून उभे होते. आजी समोर बसून ताल धरू लागली, तेव्हा त्यांनी बोट काढलं. मला रडू आलं, हे मामीला कळवू नको.

आपल्या गावच्या दुर्गेशने त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. तिथल्या यंत्राने चोरीचं गाणं म्हणून आवाज बंद केला. चार मिनिटं आम्ही मुक्यानेच नाचतो. फक्त शेवटची ओळ ऐकू येते. रचणारीचं नाव त्या ओळीत आहे, म्हणून जर्मन साहेबाने आपल्या गाण्यातून ती कापली होती, तेव्हा यंत्राला ती ओळखूच आली नाही: 'कुसुम म्हणे, ऊठ रे धन्या, बांधी माझी रोवून झाली.'

सारं गाव तेवढंच ऐकून राहिलं आहे. आजवर ती गावाला नुसती भोजराजची माय होती. काल गुलाबचंद घरी आले आणि विचारू लागले, ही कुसुम म्हणजे तुम्हीच काय जी? आजी म्हणाली, नाही बाबू, मी जर्मनीची आहो.

पत्र लिहीत जा.
तुझा मामा, भोजराज