नऊ होलच्या पुढे

सोमवार, ३ मार्च

नऊच्या पुढे बायकांना जागा नाही म्हणे!

सुतळी आज क्लबातून आली ती बूट दाराशी भिरकावूनच. सुतळी म्हणजे माझी नात. लहानपणी काटकुळी होती म्हणून मीच हे नाव ठेवलं. आता बॉल मारते तर गडीमाणसं मान वळवून बघतात, तरी नाव तेच. क्लबाचं गोल्फचं मैदान अठरा होलचं. पुरुषांच्या स्पर्धा अठराच्या. बायकांची वर्षातून एकच, आणि ती नऊची. राज्याच्या संघाची चाचणी द्यायची तर आधी आपल्या क्लबात अठरा होलच्या स्पर्धेत ठरावीक फटक्यांत खेळलेलं लागतं. पोरगी सतरा सरत आली. यंदा गेलं की ज्युनिअरमधून बाद. म्हणून तिने सेक्रेटरीला विचारलं, आम्हाला अठरा का नाही? तो म्हणतो, "पलीकडच्या नऊला लेडीजची सोय नाही. क्लबहाऊस लांब पडतं. उद्या कोणाची पंचाईत झाली तर?"

सोय म्हणजे संडास. शब्द उच्चारायला लाज वाटते बाबाला. पोरींना अडवायला नाही वाटत.

मी त्याच मैदानात तण काढते, माझ्या पोराच्या लग्नाआधीपासून. आम्ही आठ बायका. पलीकडच्या नऊलाच जास्त काम. सकाळी पाणी प्यायचं नाही, दुपारी घोटभर. आमच्यातली लांबडी गेल्या वर्षी मूतखड्याने जमिनीवर लोळत होती. तेव्हा नाही दिसली कोणाला पंचाईत!

मंगळवार, ४ मार्च

मुकादमाला म्हटलं, तिकडे एक संडास बांधायला सांगा. हसला. दात किडलेत त्याचे.

शुक्रवार, ७ मार्च

डॉक्टरीणबाईंना घेऊन सेक्रेटरीकडे गेले. या बाई क्लबात खेळायला येतात. सुतळीला जुन्या काठ्या यांनीच दिल्या, ज्युनिअरचं कार्डही यांनीच भांडून मिळवून दिलं.

ऑफिसात पाय रुततील असा गालिचा. माझ्या चपलांचा चिखल उमटला. उमटू दे. भिंतीवर जिंकलेल्या पुरुषांची नावं, सोनेरी अक्षरात, पार छतापर्यंत. मी विचारलं, बायकांची कुठे? तर मागच्या बोळात, ओल्या छत्र्या ठेवतात तिथे.

सेक्रेटरी आधी म्हणाला पैसे नाहीत. मग म्हणाला पाण्याची लाईन नाही. बाई म्हणाल्या, "बाराव्याजवळ पंपघर आहे. पाणी तिथूनच तर येतं सगळ्या मैदानाला." मग म्हणाला, तळ्याचा देखावा बिघडेल. शेवटी म्हणतो, "माझी मिसेससुद्धा खेळते. तिने कधी तक्रार केली नाही."

"बाईसाहेब आठव्यावरूनच घरी पळतात, साहेब. मी रोज बघते," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंना एकदम खोकला आला.

बाहेर आल्यावर कळलं ते वेगळंच. कमिटीत बाईंना मतच नाही! मेंबर त्यांचे यजमान. बाई यजमानांच्या कार्डावर. म्हटलं, लोकांची पोटं उघडून शिवता तुम्ही, आणि इथे नवऱ्याच्या शेपटाला बांधलेल्या? त्या म्हणाल्या, "मावशी, अर्ज करून करून थकले." म्हटलं, मग अर्ज पुरे आता.

रविवार, ९ मार्च

सुनेने विषय काढलाच. "आई, त्यांच्या वाटेला जाऊ नका हो. तुमचा पगार गेला तर घर कशावर चालवू? यांचा तर महिना-महिना पत्ता नसतो." माझा पोरगा ट्रकवर असतो. पैसे पाठवतो, पण आठवण झाली की. सून शिलाईच्या कारखान्यात पाठ मोडून घेते. ती म्हणते ते खोटं नाही. पण ऐकण्यासारखंही नाही.

सुतळी म्हणाली, "राहू दे आजी. पुढच्या वर्षी बघू."

माझं डोकंच फिरलं. "पुढच्या वर्षी तू मोठ्या बायकांत. तिथे तुला कोण विचारणार? आणि राहू दे, राहू दे, हे या घरात मी कधी म्हटलं नाही. तू कुठून शिकून आलीस?"

सुनेने आज भांडी जरा जास्तच आपटून घासली.

गुरुवार, १३ मार्च

हसून हसून बरगड्या दुखल्या!

तेराव्याच्या ग्रीनमागे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतामागे, झुडपांचं दाट कुंपण आहे. मी पलीकडे बसून तण काढत होते. एक ढेरपोट्या मेंबर पट्टा सोडत सोडतच आत घुसला.

"जपून साहेब, खुरपं आहे," मी म्हटलं.

हातभर उडाला. "तू... तू इथे काय करतेस?"

"तण काढते. तुम्ही?"

गेला तसाच, एका हाताने पँट धरून.

मग बसल्या बसल्या डोक्यात आलं. पुरुषांना तरी कुठे आहे संडास तिकडे? झाडं आहेत म्हणून त्यांचं भागतं. भागतं म्हणून कोणाला नड नाही. मग त्यांची झाडंच आपण घेतली तर?

जेवताना लांबडीला सांगितलं. तिने घास खाली ठेवला. "रविवारी पुरुषांची मोठी स्पर्धा आहे गं. बिअरचे कॅन घेऊन फिरतात ते दिवसभर."

म्हटलं, म्हणून तर.

रविवार, १६ मार्च

जमलं!

दहाव्यापासून अठराव्यापर्यंत जिथे म्हणून आडोसा, तिथे आमची एकेक बाई खुरपं घेऊन. तळ्याकाठच्या बांबूत लांबडी. तेराव्याच्या कुंपणामागे मी. पंपघराच्या पाठीमागे दोघी, कारण तिथे गिऱ्हाईक जास्त. उन्हं चढायला लागली तसे एकेक येऊ लागले. येतात, बघतात, घसा खाकरतात, परत जातात. एकजण तर खेळ टाकून क्लबहाऊसकडे जो पळाला, बॉल तिथेच पडलेला. मागचे त्याच्या नावाने बोंबलतायत.

एक पांढऱ्या मिशांचे म्हातारे आले. अदबीने म्हणाले, "बाई, मी तिकडे तोंड करतो. तुम्ही डोळे मिटा."

"डोळे मिटून खुरपं चालवलं तर बोट जाईल, साहेब."

ते खो खो हसले आणि निघून गेले. अख्ख्या दिवसात तो एकच माणूस हसला.

मग मुकादम आला धापा टाकत. "आजी, उठा तिथून."

"का हो? तण नाही का इथे?"

"आहे... पण मेंबर लोकांना अडचण होतेय."

"कसली अडचण?"

तो आभाळाकडे बघायला लागला. मीही बघितलं. म्हटलं, असेल वर काही.

आमच्यातली एक दुपारी घाबरून उठून गेली. तिची जागा लांबडीने धरली. दोन्हीकडे पळत होती बिचारी, पाय लांब आहेत म्हणून निभावलं.

मंगळवार, १८ मार्च

सेक्रेटरीने बोलावलं. "तुम्ही मुद्दाम तिथे बसलात?"

"बसायचाच पगार आहे आमचा, साहेब. उभ्याने तण निघत नाही."

त्याने दाराकडे बोट दाखवलं.

शनिवार, २२ मार्च

कमिटी बसली. बाराव्याजवळ, पंपघराला लागून बांधायचं ठरलं! पैसेही निघाले आणि देखावाही बिघडेनासा झाला. डॉक्टरीणबाईंचा फोन सुतळीला आला. फोन कानाला तसाच, आणि माझ्या गळ्यात पडली. म्हटलं, सोड, आधी बांधू देत.

सोमवार, ३१ मार्च

भिंती उभ्या राहिल्या. गवंड्याला म्हटलं, आत सामान ठेवायला एक फळी घाल, बायकांकडे हातात काहीबाही असतं. घालतो म्हणाला.

गुरुवार, १० एप्रिल

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

संडास झाला. एकच दार. दारावर पाटी – पुरुष!

गवंडी म्हणतो, "मला एक दार, एक पाटी सांगितली, मावशी. मी काय करू?" डॉक्टरीणबाईंनी सेक्रेटरीला फोन लावला. त्याचं उत्तर: गैरसोय पुरुषांची झाली होती, म्हणून पुरुषांसाठी बांधला. लेडीजचं पुढच्या बजेटमध्ये बघू. आणि बायकांची स्पर्धा वीस तारखेला, ठरल्याप्रमाणे नऊची.

म्हणजे आम्ही उन्हात बसून त्यांनाच संडास बांधून दिला!

सुतळी काठ्या पुसत बसली. पुसलेल्याच पुन्हा पुसत होती.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज आत जाऊन बघून आले. एक भांडं, एक नळ, आरसा, ती फळी. आणि दाराला आतून चांगली जाडजूड कडी.

आमच्या घरात एकच आहे. मी जाते, सून जाते, सुतळी जाते, पोरगा आला की तो जातो. आत गेलं की कडी लावायची. पाटी लावायचं आजवर कोणाला सुचलं नाही. आणि कोणी मेलंही नाही.

शनिवार, १२ एप्रिल

गवंड्याचा स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत पाटी काढली. काखेत मारली आणि क्लबहाऊसच्या पुढच्या दाराने आत गेले. आम्हा कामवाल्यांना ते दार बंद. आज कोणी अडवलं नाही. माझं तोंड बघूनच बाजूला झाले असतील.

मेंबर जेवत होते. सेक्रेटरी मधल्या टेबलाशी. त्याच्या ताटाशेजारी पाटी ठेवली. स्क्रूही ठेवले, उगाच चोरीचा आळ नको.

"ही तुमची पाटी, साहेब. आता जो आत जाऊन कडी लावेल, त्याचा संडास. बाई असो की बुवा."

डॉक्टरीणबाई तिथेच होत्या, शेजारी त्यांचे यजमान. गरीब माणूस, खाली मान घालून जेवणारा. बाईंनी टेबलाखालून काय केलं कोण जाणे, यजमान ताडकन उभे राहिले. "तसं बघितलं तर... आता लेडीजनी अठरा खेळायला हरकत काय आहे?"

कोपऱ्यातून पांढऱ्या मिशावाले म्हणाले, "मला तर काही दिसत नाही."

सेक्रेटरी इकडे बघतो, तिकडे बघतो. कारण एकच होतं त्याच्याकडे, आणि त्याची पाटी त्याच्याच ताटाशेजारी पडलेली. "बघू," म्हणाला. संध्याकाळी फळ्यावर लागलं – बायकांची स्पर्धा, अठरा होल.

सुतळीने फळ्याचा फोटो काढून आणला. सुनेने तो दोनदा बघितला.

सोमवार, १४ एप्रिल

मुकादमाने गेटवरच अडवलं. "आजी, तुम्हाला आत घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय. जेवणघरात सगळ्यांसमोर साहेबांची माफी मागितलीत तर बघू, म्हणाले."

"कशाची माफी? कडी लावायला सांगितली त्याची?"

बाकीच्या माझ्याकडे न बघता आत गेल्या. लांबडी तेवढी घुटमळली, डोळ्याला पदर लावून. म्हटलं, जा गं, नाटकं करू नकोस, घरी पोरं आहेत तुझी.

सुनेने आज भांडीसुद्धा आपटली नाहीत. हे जास्त वाईट.

रविवार, २० एप्रिल

गेटवर मुकादम पुन्हा आडवा. "आजी, तुम्हाला –"

"मी कामावर नाही आले. खेळाडूची कॅडी आहे, काठ्यांची पिशवी उचलणारी. बाजूला हो."

पहिल्या होलवर सगळ्या बायका जमलेल्या. डॉक्टरीणबाईंनी पाण्याची मोठी बाटली काढली आणि सगळ्यांसमोर उभ्याने गटागटा संपवली. बायका टाळ्या पिटायला लागल्या. सेक्रेटरीची मिसेस पण आलेली, तिनेही स्वतःची बाटली तोंडाला लावली. तिच्याबद्दल बोललेला शब्द मी मागे घेते.

नऊ होल झाले. दहाव्याकडे वळताना सुतळी सारखी मागे वळून बघत होती. पहिलाच बॉल झाडीत. दुसराही वाकडा. म्हटलं, "काय झालं?" म्हणाली, "आजी, सगळे बघतायत." म्हटलं, "बघू देत. तेवढ्यासाठीच आलोय ना?" मग तिचा श्वास जागेवर आला. बाराव्याला संडासापाशी ही रांग! आतून कडी वाजली की बाहेर हशा. तेराव्याला पोरीने तळ्यावरून जो बॉल काढला, तो ग्रीनवर उतरला तसा तिथेच बसला. माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

अठरा पुरे केले. दुसरी आली. पहिली आली ती बँकवाल्यांची मुलगी, चांगली खेळते, उगाच नावं ठेवणार नाही. पण चाचणीला लागतो तो आकडा सुतळीने गाठला. चार मेपासून चाचणी, तीन दिवस.

घरी येताना म्हणाली, "आजी, पाय दुखतात का?" म्हटलं, नाही. दुखत होते.

शनिवार, २६ एप्रिल

बाजारात लांबडी भेटली. "पोरगी तुझ्यासारखीच मुळासकट उपटते गं," म्हणाली. कोणती पोरगी? तिने जीभ चावली.

सुतळी मंगळवारपासून माझ्या जागेवर जाते. सकाळी काठ्या घेऊन सरावाला म्हणून निघते ती तण काढायला बसते. सुनेला ठाऊक होतं. सुतळीला विचारलं तर म्हणाली, नव्या बाईला तीन दिवस सुट्टी नाही, म्हणून चाचणीला जाणार नाही.

उद्या जेवणघर भरलेलं असेल. मी पुढच्या दाराने जाणार. सेक्रेटरीसमोर उभी राहून माफी मागणार, मोठ्याने, कोपऱ्यातल्यालाही ऐकू जाईल अशी. आणि तेराव्यावर जाऊन पोरीच्या हातातलं खुरपं काढून घेणार.