तुझ्या वतीने दिलेला नकार

शनिवार, १९ जुलै

चि. बुटकीस,

सप्रेम सलाम. इकडे सर्व क्षेम. तुझ्या कुंड्यांना दिवसाआड पाणी घालतो. एक गेली, पण ती आधीपासूनच मरणोन्मुख होती, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा ती जास्त. नातीचं वजन वाढतंय हे वाचून बरं वाटलं.

तू लेकीकडे गेल्यापासून चर्चच्या मंडळीत तुझाच जप चालू आहे. मार्चमधल्या त्या रविवारी पाळकसाहेबांनी 'आधी समेट कर, मग अर्पण वाहा' हे वचन वाचलं आणि तू अर्पणाचं पाकीट बाकावर ठेवून उठलीस. मला वाटलं, चक्कर आली. तू सरळ जावेच्या घरी गेलीस, सात वर्षांचा अबोला मोडलास आणि शेवटच्या गीताला धापा टाकत परत.

"एवढ्यात आलीस?" मी विचारलं.

"ती घरीच होती," तू म्हणालीस.

बुटके, त्याच वचनावर मी तीनदा बोललो आहे. एकदा तर शब्दांच्या व्युत्पत्तीसह पाऊण तास. पण उठून कुणाकडे गेलो नाही. संस्कृतच्या मास्तराला हे एक सुख असतं: अन्वय लावता लावता जेवणाची वेळ होते.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. मे महिन्यात पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "गुरुजी, गुरुवारचा बायबलवर्ग तुमच्या बहिणीने परतल्यावर घ्यावा असं वाटतं. फोनवर घाई होते, तुम्ही पत्रातून विचाराल?" मी म्हटलं, "अवश्य." आठवड्याने सांगितलं, "ती नको म्हणते. शिक्षण बेताचं, संकोच वाटतो."

तुला मी विचारलंच नव्हतं. तुझ्या संकोचाचं वर्णन मात्र इतकं हृद्य केलं, की ते म्हणाले, "किती नम्र बाई." म्हणजे तिथेही तूच जिंकलीस.

वर्ग मला मिळाला. परवाचा विषय होता 'पूर्ण मनाने आज्ञापालन'. फळाभर लिहिलं. मागच्या रांगेतल्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "गुरुजी, समजलं सगळं. आता उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, तेवढं सांगा."

मी फळा पुसायला घेतला. मला नेमकं ठाऊक होतं.

काल सकाळी पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांच्या फाटकापासून दोनदा परतलो, मग आत शिरलो. ते दाढी करत होते. तोंडाला फेस तसाच ठेवून त्यांनी सगळं ऐकलं. मग एवढंच विचारलं, "आणि त्यांना कोण सांगणार?" म्हणून हे पत्र. वर्गापुढेही येत्या गुरुवारी मीच उभा राहून सांगणार आहे.

मत्सर गेला असं समजू नकोस. हे लिहितानाही तुझ्या शुद्धलेखनाच्या चुका आठवून जरा बरं वाटतंय. पूर्ण मन म्हणतात ते मला अजून जमलेलं नाही. काल नुसते पाय गेले. देवाला ते चालतात की नाही, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक असेल, आणि हेच तर मला सोसत नाही.

वर्ग घ्यायचा की नाही, ते तू ठरव. नाही म्हणालीस तरी चालेल, पण या वेळी ते 'नाही' तुझ्या तोंडचं असू दे.

क्षमा मागणारा
आणि अजून जळणारा,
तुझा दादा