स्प्रिंगचं दुसरं टोक

॥ श्री ॥

रामटेक,
१८ नोव्हेंबर १९५४

चि. प्रेमलता हिले आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघंही इथं अंबाळा तलावाच्या काठी सुखरूप आहो. कामठीच्या लष्करी लिलावात तुह्या बाबानं घेतलेली ती जुनी अँब्युलन्स, जिले तुही काकू नाक मुरडत होती, ती आता आमचं घर झाली. आत दोन फळ्यांच्या खाटा, एक स्टो, पाण्याची टाकी. दार लावलं का घर, उघडलं का समोर गडावरचं देऊळ.

पण मले पहिला धक्का इथंच बसला. भांड्याकुंड्यांची म्हणून जी पेटी बाबानं स्वतः बांधली होती, ती मी पोळ्या टाकाले उघडली, तर तवा नाही, परात नाही! आत लाकडी मुद्गल, उड्यांची दोरी, रबराचा चेंडू अन् दोन मुठींचं ते स्प्रिंगचं यंत्र, आखाड्यातले पोट्टे छाती रुंद कराले ओढतात तसं. मी कपाळाले हात लावला. तीर्थाले निघालो का कुस्तीले, म्हणून विचारलं. तर म्हणाले, सारा जन्म मोटर हाकली, बसून बसून ड्रायव्हर लोक गोणपाटासारखे होऊन जातात, फिरतीवर अंग राखाचं असलं तर सामान संग पाहिजे. तवा मग बाजारातून आणला.

आता पुढचं आईक अन् हासू नको. रोज सकाळी ते स्प्रिंगची एक मूठ डाव्या हातात धरतात अन् दुसरी मले धराले लावतात. ओढ वं प्रेमाची माय, जोरानं ओढ, म्हणतात. पदर खोचून मी ओढून राहिली अन् देवळाच्या वाटेवरच्या बाया तोंडाले पदर लावून पाहून राहिल्या! अन् गाडी चालवताना गिअर कोण टाकते म्हणशील? मी टाकते. ते क्लच दाबून टाक म्हणाले का मी दांडा ढकलते. मले आता आवाजावरून समजते.

एक गोष्ट मात्र समजली नाही. तुह्या लग्नाचं बोलणं काढलं का ते गप्प होतात. काल म्हणाले, वैशाखात आपण लांब असू, कन्यादान माह्या भावाले, नत्थूजीले करू दे म्हणून पोरीले लिही. मी लिहिलं. काहून, ते तूच विचार.

माया आहे, ती पातळ होऊ देऊ नको.

तुही आई,
सुभद्रा

॥ श्री ॥

महाल, नागपूर,
२६ नोव्हेंबर १९५४

तीर्थरूप आईच्या चरणी बालिका प्रेमलतेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मधल्या सुटीत शिक्षिकांच्या खोलीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. घरी काकूंना गिअरचं सांगितलं, तर त्या हसता हसता खाली बसल्या. जाऊबाई आता पुढच्या दसऱ्याला कुस्तीच्या जोडीत उतरणार, म्हणाल्या. नत्थूजी काका मात्र हसले नाहीत. दादाचं डोकं ठिकाणावर आहे ना, एवढंच विचारलं.

मलाही हसू येईना. ज्या बाबांनी कंपनीच्या मालकालाही कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, ते तुझ्याकडून गिअर टाकवतात? काल आखाड्यापाशी भैयाजी भेटले. बाबांना लहानपणी मातीत उतरवणारे हेच वस्ताद, आता काठी टेकत येतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुझा बाप चंपत दसऱ्याच्या आधीच मातीत उतरायचा थांबला, म्हणाले. पोट्टे पाया पडायला आले की मागे सरायचा. काहून गा, असं विचारलं तर पाठ दुखून राहिली म्हणायचा.

आणि कन्यादान काकांनी करायचं? आई, ही ओळ वाचून मी हादरले. परवाच उमरेडहून विश्वनाथचे वडील रुपरावजी येऊन गेले. व्याही कुठवर पोचले, मुहूर्ताच्या किती आधी परततील, असं कौतुकानं विचारत होते. मी काय सांगू? साखरपुड्याला बाबांनी पेढ्यांच्या ताटाला हातही लावला नव्हता, सगळ्यांना काकांनीच वाटले, हे मला आत्ता आठवतंय. बाबा माझ्यावर रागावले आहेत का? रागावले असतील तर तसं कळव, पण खरं कळव.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
प्रेमलता

॥ श्री ॥

वर्ध्याजवळ,
९ डिसेंबर १९५४

चि. प्रेमले आशीर्वाद. हे पत्र एकटीनं वाच अन् चुलीत घाल.

सोमवारी रस्त्याच्या कडेले बाभळीखाली गाडी उभी केली होती. मी स्टो पेटवून चहाचं आधण ठेवलं. बाबा बाजूले बसून एका जुन्या कुस्तीची गोष्ट सांगून राहिले होते. मले जळल्याचा वास आला. मी पदर पाहिला, चिंधी पाहिली. मग दिसलं. त्यायचा डावा हात स्टोच्या तापल्या कडीवर टेकला होता, कातडं करपून राहिलं होतं, अन् ते बोलून राहिले होते! हासून बोलून राहिले होते वं! मी किंचाळली. तवा त्यायनं आधी माह्या तोंडाकडे पाहिलं अन् मग हाताकडे.

मग सारं सांगितलं. वर्षभरापासून दंडावर फिकट चट्टा आहे. म्हणून उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा. चट्ट्यावर काही समजत नाही, पुढं बोटंही तशीच बधिर झाली. पोट्ट्यायले आपलं लागू नये म्हणून आखाडा सोडला. इकडच्या एका दवाखान्यात मले न सांगता येऊन गेले होते. महारोग आहे, प्रेमा.

ते नाव ऐकलं अन् मी मागं सरली. ज्या माणसाच्या ताटात इतकी वर्षं जेवली, त्याच्यापासून मी मागं सरली. त्यायनं ते पाहिलं. उठून गाडीच्या पलीकडे जाऊन बसले. मले जावं वाटे, पण पाय उचलेना.

उन्हं कलल्यावर पाहते तर हाताले चिंधी बांधून, स्प्रिंगची एक मूठ दाराच्या कडीले अडकवून एकटेच ओढून राहिले. मूठ हातातून सुटून जाये, ते पुन्हा धरत. मी गेली अन् कडीतली मूठ काढून माह्या हातात घेतली. ओढता ओढता दोघंही रडलो.

दुसऱ्या दिवशी त्यायच्या संग दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, हा लागत्या जातीचा नाही, बाई, तुम्ही भिऊ नका. गोळ्या लय दिवस चालतील. मेलेली जागा जागी होईल का नाही ते सांगता येत नाही, पण रोज कसरत ठेवली तर बोटं वाकडी होणार नाहीत. ती पेटी त्यासाठी होती. अन् हे तीर्थ वगैरे काही नाही, लपणं आहे. तुह्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत नागपुराले तोंड दाखवाचं नाही, असं त्यायनं ठरवलं.

तू कोणाले सांगू नको. वैशाख निभू दे.

तुही अभागी आई

॥ श्री ॥

महाल, नागपूर,
२२ डिसेंबर १९५४

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र जाळलं. त्याआधी एक केलं, ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाचून झाल्यावर मी मोरीत जाऊन हात धुतले. साबण लावून धुतले. मग नळ तसाच वाहू दिला आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले. म्हणून तू मागे सरलीस याचा मला राग नाही.

आता पुढचं वाचून बाबांना बसून सांग. मी विश्वनाथला सांगून टाकलं. गेल्या रविवारी तो काही कामानं आला होता. काकू समोर होत्या. बाबा जिवंत असून गाडीत लपलेले आणि मी काकांच्या मांडीशेजारी बसून लग्न लावून घेते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं. काकूंच्या हातातली कपबशी खाली पडली. विश्वनाथनं त्याच्या वडिलांना हे माहीत आहे का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यानं समोरचं पाणी पिऊन टाकलं आणि गेला. वाईट काही बोलला नाही. चांगलंही नाही.

दोनच दिवसांत रुपरावजींनी माणसाच्या हाती साखरपुड्यातला आहेर आणि नारळ परत पाठवला. चिठ्ठीसुद्धा नाही. काका माझ्याशी बोलत नाहीत. काकूंनी माझं ताट वेगळं ठेवलंय, आणि ते वाढताना त्याच रडतात.

मी बरोबर केलं की नाही मला ठाऊक नाही. केलं एवढं खरं. बाबांना म्हणावं, मला मारायचं असेल तर उजव्या हातानं मारा.

तुमचीच,
प्रेमलता

॥ श्री ॥

वर्ध्याजवळ,
३० डिसेंबर १९५४

चि. प्रेमलता ईस चंपतरावाचे आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नव्हे. पण हे तुह्या आईच्या हातून लिहून घेण्यासारखं नाही.

पोरी, तू हे काय करून ठेवलं? मी ज्याच्यासाठी घर सोडलं, आखाडा सोडला, तुह्या आईशी खोटं बोललो, ते तू एका दुपारी उधळून दिलं. तुह्या आईनं पत्र वाचलं तवा मी चेंडू दाबून राहिलो होतो. चेंडू कुठं गेला ते मले समजलं नाही. दोन दिवस मी जेवलो नाही, कसरत केली नाही. तुह्यावर इतका राग कधी आला नव्हता.

मग राग कोणावर आहे ते पाहिलं. विश्वनाथच्या बापाले मी साखरपुड्यात व्याही म्हटलं अन् बाही ओढून घेतली. मी त्यायले फसवून राहिलो होतो. तू मले त्यातून ओढून काढलं अन् स्वतः त्यात पडली. हे मी कसं फेडू?

उमरेडवरून आता गोष्ट नागपुरात येईलच, अन् येता येता भलतीच होऊन येईल. त्याच्या आधी मीच येतो. नऊ तारखेच्या रविवारी सकाळी आखाड्यात साऱ्यायच्या समोर माह्या तोंडानं सांगतो. आई इथं दवाखान्याच्या मैदानात गाडीजवळ राहील. तू माह्या बाजूले उभी राहू नको. तुले शाळेत नोकरी कराची आहे.

तुहा बाप,
चंपतराव

॥ श्री ॥

महाल, नागपूर,
११ जानेवारी १९५५

ती. आईच्या चरणी सा. न. वि. वि.

बाबा आज दुपारच्या बसनं तुझ्याकडे निघाले, पत्राआधीच पोचतील. पण ते तुला नीट सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

रविवारी आखाडा भरलेला होता. बाबा मातीच्या बाहेर उभे राहिले आणि बाही कोपराच्या वर सारली. मला काय झालं आहे ते बघून घ्या, म्हणाले. रोगाचं नाव त्यांनी एकदाच घेतलं. डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, तेही थोडक्यात. मी शेजारीच उभी होते. त्यांनी दोनदा हातानं दूर हो म्हणून खुणावलं, मी हलले नाही.

मग एकानं आपल्या मुलाचा दंड धरून त्याला उठवलं. त्याच्यामागे दुसरा उठला. बाबांनी ज्यांना अंगाखांद्यावर वाढवलं ते पठ्ठे खाली मान घालून चपला शोधत होते. मागून कुणीतरी माती बदलावी लागेल असं म्हणालं. बाबा नुसते उभे होते.

काका आले नव्हते. पण काही जण बसून राहिले, अगदीच कुणी नाही असं नाही.

मग भैयाजी काठी टेकत पुढे आले. बाबा मागे सरले तसे म्हातारे ओरडले, उभा राहा गा, पळून कुठं राहिला! डॉक्टरनं बोटांसाठी काय काय सांगितलं ते करून दाखव, म्हणाले. बाबा खाली बसले. तेल घेतलं, डावा हात मांडीवर ठेवला आणि उजव्या हातानं एकेक बोट चोळून सरळ करू लागले. भैयाजी शेजारी उकिडवे बसून डोळे बारीक करून बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी बाबांचा डावा अंगठा आपल्या चिमटीत धरला. इतकी वर्षं शिकवलं तरी घाईच करून राहिला, म्हणाले, अंगठा आधी मोकळा कर, मग बोटं.

बाबांनी जी वस्ताद म्हटलं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

उमरेडहून काही आलं नाही. वाट पाहत नाही म्हटलं तर खोटं होईल. मुख्याध्यापिकांनी बोलावून विचारलं, मी सगळं सांगितलं, त्या विचार करून कळवणार आहेत. संक्रांतीच्या सुटीत मी तिकडे येते, मग सविस्तर बोलू. तुला तिळाची पोळी जमली नाही तरी चालेल, मी आणीन.

इथली थंडी फार आहे. आशीर्वाद पाठवशील तर जरा जास्तच पाठव.

तुझी,
प्रेमलता